कौशिक, कांट आणि दारातला माणूस

दोन तत्त्वज्ञाने शेजारी ठेवायची म्हटली, की आपल्याकडे लगेच हौदातली माती उकरली जाते. एक पैलवान आपला, एक परका, आणि निकाल आधीच ठरलेला. ही रीत काही आजची नव्हे. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे वाद झाले, ते ऐकायला माणसांची गर्दी लोटत असे. आणि त्या गर्दीतला कोणी आपले मत बदलून घरी गेला असेल, असे मानायला मन धजत नाही. त्याच्या अडीचशे वर्षे आधी गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने निराळी वाट धरली होती. त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली. १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले, आणि मराठी भाषेच्या गौरवाचे त्याचे शब्द आजही पाठ्यपुस्तकांतून वाचायला मिळतात. पण स्टीफन्सलाही उत्तर आधीच ठाऊक होते. त्याने फक्त ते आपल्या बोलीत सांगितले. कुस्ती टळली इतकेच. तुलना झाली असे म्हणवत नाही.

मराठीत तुलनेचे मोठे काम झाले ते मंडालेच्या तुरुंगात. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. १९१५ साली ते प्रसिद्ध झाले. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या घरांत अजूनही फडताळात ते असते. बहुधा न वाचलेले, पण कापडात बांधलेले. त्यातले 'कर्मजिज्ञासा' हे दुसरे प्रकरण मला सगळ्या ग्रंथात अधिक जिवंत वाटते. कारण तेथे सिद्धांत नाही, अडचणी आहेत. अहिंसा खरी, पण अंगावर चालून येणाऱ्या आततायीचे काय? चोरी करू नये हे खरे, पण दुष्काळात चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस उचलणाऱ्या विश्वामित्राचे काय? आणि सत्य बोलावे हे खरे, पण ज्याच्या बोलण्याने दुसऱ्याचा प्राण जातो त्याचे काय? या अडचणींच्या शेजारी टिळक मिल्, सिज्विक, लेस्ली स्टीफन, ग्रीन या इंग्रज नीतिशास्त्रज्ञांना आणून बसवितात. एका राजबंद्याने ज्यांच्या राज्याने त्याला डांबले त्यांचेच पंडित साक्षीला बोलवावे, यात मोठी मौज आहे. आणि धैर्यही आहे.

तरीसुद्धा, टिळकांची पूर्ण थोरवी मान्य करून असे म्हणावेसे वाटते की त्यांच्या हातातही तराजू होता, आणि एक पारडे जड निघायलाच हवे होते. ज्यांना दीडशे वर्षे तुमचे देव लबाड, तुमचा कृष्ण खोटे बोलायला शिकवणारा, असे ऐकून घ्यावे लागले, त्यांना हे करणे भाग होते. आपल्यावर आज तशी सक्ती नाही. पण आपण अद्याप तराजूच वापरतो. कोणत्याही गणेशोत्सवातल्या व्याख्यानाला जा. पाश्चात्त्य भोगवादी, आपण त्यागी, हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत येते. १९१६ साली अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. खानदेशातल्या एका गिरणीवाल्याने वेदान्त अभ्यासण्यासाठी संस्था काढावी, तेथे देशभरचे विद्वान येऊन राहावेत, आणि आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर हे घडलेले असून आपल्या बोलण्यात त्याचा मागमूस नसावा, याचे वाईट वाटते.

माझी सूचना साधी आहे. परंपरांना एकमेकींशी झुंजवण्याऐवजी त्या सगळ्यांपुढे एकच प्रश्न ठेवावा, आणि कोण कोठे अडते ते पाहावे. जेथे माणूस अडतो तेथे तो खरा कळतो. हे आम्हां शिक्षकांना तोंडी परीक्षेत रोज दिसते. प्रश्न टिळकांच्याच प्रकरणातला घेतो. दारात एक माणूस उभा आहे. त्याच्या मनात घात आहे. तो ज्याला शोधतो आहे तो कोठे आहे हे तुम्हांला माहीत आहे. काय सांगाल?

महाभारताच्या कर्णपर्वात ही गोष्ट येते. प्रसंग विलक्षण आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला धर्मराज छावणीत पडला आहे. अर्जुन भेटायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळताच धर्मराज संतापून म्हणतो, तुझे गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक. अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा अशी की असे म्हणेल त्याचे मस्तक उडवीन. तो तलवार उपसतो, वडील भावावर! कृष्ण मध्ये पडतो आणि त्याला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा नद्यांच्या संगमावर राहणारा तपस्वी ब्राह्मण. सदैव खरेच बोलेन असे त्याचे व्रत. काही माणसे दरोडेखोरांच्या भयाने पळत येऊन त्याच्याजवळच्या झाडीत शिरली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारले. कौशिकाने खरे सांगितले. ती माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. महाभारतकार त्याच्याविषयी एक बारीक शेरा मारतात: तो तपस्वी होता, पण बहुश्रुत नव्हता. पोथ्या थोड्या आणि निष्ठा फार, अशा आमच्यासारख्या माणसांना हा शेरा जिव्हारी लागतो.

या गोष्टीतला एक बारकावा सहसा सुटतो. अर्जुनाची अडचण आहे ती प्रतिज्ञेची, आणि कृष्ण उदाहरण देतो ते विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचे. आपल्याला यात विसंगती दिसत नाही, कारण आपल्याकडे 'सत्य' या एका शब्दात दोन गोष्टी राहतात: दिलेले वचन पाळणे, आणि आहे तसे सांगणे. हरिश्चंद्र सत्यवादी म्हणून गाजला तो वचन पाळल्यामुळे. त्याने कधी कोणाला खरी माहिती दिली म्हणून नव्हे. राम सत्यवचनी तोही बापाच्या शब्दासाठी वनात गेला म्हणून. युरोपातल्या पंडितांना या दोन गोष्टी वेगळ्या खणांत ठेवायची सवय आहे. तेव्हा 'सत्य आमच्याकडे श्रेष्ठ की त्यांच्याकडे' असा वाद घालणाऱ्यांनी आधी आपण एकाच वस्तूचे वजन करतो आहोत की नाही एवढे पाहिले तर पुष्कळ श्रम वाचतील.

आता कांट. १७९७ साली बेंजामिन कॉन्स्टंट या फ्रेंच लेखकाने लिहिले की, सत्य सांगण्याचे कर्तव्य बिनशर्त मानले तर समाज चालणेच अशक्य होईल; एक जर्मन तत्त्वज्ञ तर असे म्हणतो की, मारेकऱ्याने तुमच्या घरात शिरलेल्या मित्राचा पत्ता विचारला तरी खोटे बोलणे गुन्हाच होय. कांटने त्याच साली एक छोटा निबंध लिहून उत्तर दिले: होय, गुन्हाच. पाऊणशेच्या घरातला, उभे आयुष्य क्योनिग्सबर्ग शहरात काढलेला हा म्हातारा एक पाऊलही मागे हटत नाही. त्याचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो म्हणतो, तुम्ही 'मित्र घरात नाही' असे खोटे सांगितले, आणि तेवढ्यात मित्र मागच्या दाराने खरोखरच निसटलेला असला, तर मारेकरी परत फिरून त्याला रस्त्यात गाठील; मग त्या मरणाची जबाबदारी तुमच्यावर. खरे सांगितले असते तर पुढे काय होते ते तुमच्या हातात नव्हते. परिणाम आपल्या हातात नसतात, शब्द असतात. आणि तुमचा एक खोटा शब्द त्या एका मारेकऱ्याला फसवीत नाही. शब्दावर विश्वास ठेवून जे करार, जे कायदे उभे आहेत, त्या सगळ्यांच्या पायातली माती तो काढून घेतो.

गंमत पाहा. कौशिकाला जे करून नरक मिळाला, तेच कांट कर्तव्य म्हणून सांगतो. येथे व्याख्याते टाळी घेतात: आमचा धर्म माणूस पाहतो, त्यांचा नियम पाहतो! पण कांटला विरोध करणारा कॉन्स्टंट हा युरोपीयच होता. त्याच्या दोन हजार वर्षे आधी प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये सॉक्रेटिस विचारतो की, मित्राने शस्त्र ठेवायला दिले आणि नंतर त्याला वेड लागले, तर ते परत करावे काय? त्याला सगळे खरे सांगावे काय? आणि उत्तर नाही असेच येते. तसेच आपल्याकडेही कौशिकाच्या बाजूने उभे राहणारे पुष्कळ निघतील. हरिश्चंद्राची कथा ऐकताना डोळे पुसणारी आजी बायको-मुलाच्या हालांचा हिशेब राजाकडे मागत नाही. फट पूर्व-पश्चिमेच्या मधून जात नाही. ती प्रत्येक घराच्या मधून जाते. माझ्या मते तुलनेचा पहिला लाभ जर काही असेल तर हा.

तिसऱ्या एका माणसाची गोष्ट सेंट ऑगस्टीनने सांगितली आहे. ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतला, इ. स. ३९५ च्या सुमारास त्याने खोटे बोलण्यावर एक ग्रंथ लिहिला, आणि कोणत्याही कारणाने खोटे बोलू नये असाच त्याचा कौल आहे. त्यात तो टगास्टच्या फर्मस नावाच्या बिशपची आठवण देतो. आश्रयाला आलेल्या एकाला फर्मसने लपविले होते. बादशहाची माणसे आली. फर्मस म्हणाला, मी खोटे बोलणार नाही आणि त्याला दाखवूनही देणार नाही. त्याचे हाल हाल केले, तरी त्याने तोंड उघडले नाही. पुढे त्याला बादशहापुढे नेले, तेव्हा बादशहाच इतका थक्क झाला की त्याने लपलेल्या माणसालाही अभय दिले. कृष्णाच्या बोलण्यातही ही वाट आहे: न बोलून सुटका होत असेल तर बोलूच नये. पण कृष्ण त्यापुढे एक पाऊल टाकतो, आणि ते पाऊल ऑगस्टीन टाकत नाही. गप्प राहिल्यानेच संशय येत असेल तर खोटे बोलणे बरे, असे कृष्ण सांगतो. कारण कधी कधी गप्प राहणे हेच बोट दाखविणे असते.

बाकीच्यांचे थोडक्यात. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या 'योगशास्त्रा'त याच कौशिकाचा दाखला देऊन परपीडा करणारे सत्य बोलू नये असे सांगितले. म्हणजे ही गोष्ट वैदिकांची म्हणून जैन आचार्याला परकी वाटली नाही. तिरुवळ्ळुवराच्या 'कुरळ'मध्ये निर्दोष हित साधणारे खोटेही सत्याच्याच जागी बसविले आहे. हा ग्रंथ मराठीत आणला साने गुरुजींनी. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकून. (आमच्या तुलनात्मक तत्त्वज्ञानाचा किती मोठा भाग तुरुंगांत लिहिला गेला याचा कोणीतरी हिशेब मांडायला हवा. विनोबांची गीतेवरची प्रवचनेही १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातली, आणि ती उतरून घेणारे पुन्हा साने गुरुजीच.) कन्फ्यूशियसपुढे कोणीसे बढाई मारले की आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी चोरली तर त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली, कन्फ्यूशियस म्हणाला, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो आणि मुलगा बापाला, सरळपणा त्यातच आहे. आमच्या सहकारी संस्थांची वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला हे उत्तर जरा धोक्याचे वाटते.

बुद्धाची गोष्ट निराळी. पाली मज्झिमनिकायात अभय राजकुमाराशी झालेला संवाद आहे. तेथे बुद्ध बोलण्याचे प्रकार लावतो: खरे की खोटे, हिताचे की अहिताचे, गोड की कडू. खरे आणि हिताचे असेल तेच तथागत बोलतो, आणि तेही वेळ पाहून. या कोष्टकात एक घर रिकामे आहे. 'खोटे पण हिताचे' हा प्रकार बुद्ध मांडतच नाही. असे काही असू शकत नाही म्हणून, की असले तरी आपण त्याच्या वाटेला जाणार नाही म्हणून, हे तो सांगत नाही. मला वाटते, कांटने तीस पाने लिहिली असती तरी त्याला हे रिकामे घर इतके बोलके करता आले नसते.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात या सगळ्याहून वेगळी एक गोष्ट आहे, आणि ज्या ग्रंथाविषयी माझे मत एरवी फार कठोर आहे त्यातली ती असल्यामुळे ती सांगताना मला थोडे अवघडल्यासारखे होते. खरे सांगितल्याने एखाद्याचा वध होणार असेल तर साक्षीदाराने खोटे बोलावे, ते सत्याहून बरे, असे तेथे म्हटले आहे. इथपर्यंत कृष्णासारखेच. पण लगेच पुढे सांगितले आहे की, असे खोटे बोललेल्याने सरस्वतीला चरू अर्पण करून त्या पापाचे क्षालन करावे. म्हणजे खोटे बोलणे योग्य होते, आणि तरीही त्याचा डाग पडलाच! महाभारतातही धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. अश्वत्थाम्याविषयीचे अर्धसत्य बोलताच तो जमिनीला टेकला, आणि अखेर त्याच कारणाने त्याला थोडा वेळ नरक पाहावा लागला. लढाई जिंकायला ते बोलणे हवे होते असे मानणाऱ्यांनीही रथ पुन्हा वर उचलला नाही. कांटच्या हिशेबात बाकी उरत नाही. कृत्य बरोबर तरी असते किंवा चूक तरी. परिणामांवर सगळे मोजणाऱ्या मिलच्या हिशेबातही ती उरणे कठीण. हित अधिक झाले, खाते बंद. बरोबर केले आणि तरी हात धुवावे लागतात, ही जाणीव मला या सगळ्या धुंडाळ्यात सर्वांत मोलाची वाटली.

पण थांबा. त्याच अध्यायात थोडे पुढे खोट्या शपथेच्या आणखी सवलती आहेत: कामिनीपाशी, विवाहाच्या बाबतीत, गाईच्या चाऱ्यासाठी, सरपणासाठी, ब्राह्मणाच्या रक्षणासाठी. तेथे पापच नाही, मग प्रायश्चित्त कुठले! महाभारतही पाच ठिकाणचे खोटे निर्दोष ठरविते, आणि त्यातही विवाह आहेच. प्राणावर बेतले असताना उघडलेला दरवाजा असा हळूहळू बैलगाडी जाईल एवढा रुंद होतो. लग्न जमविण्यासाठी बोललेले खोटे हे खोटे नव्हेच, असे मानणारी माणसे आजही गावोगाव आहेत. मुलाचे वय दोन वर्षे कमी, पगार पाच हजारांनी जास्त, येणारी फीट 'लहानपणची, आता नाही'. कोणी श्लोक वाचलेला नसतो. श्लोक माणसांत मुरलेला असतो. आणि या निर्दोष खोट्याची किंमत मोजते ती वीस वर्षांची पोर, जिचा प्राण कोणी वाचवायचा नव्हताच. अशा वेळी कांटच्या हट्टाची किंमत कळते. अपवाद एकदा केला की तो कोणाच्या सोयीसाठी वाढेल हे आधी सांगता येत नाही; बहुधा तो बळवंताच्या सोयीने वाढतो.

कागदावरच्या खोट्याचाही विचार करायला हवा. महाराष्ट्रात एक जून ही जन्मतारीख असलेल्या माणसांची संख्या पाहिली तर सृष्टीचा काही निराळाच नियम असावा असे वाटेल. कारण साधे आहे. जन्माची नोंद नसे. बाप मुलाला घेऊन शाळेत येई. मास्तर मुलाकडे पाहून, त्याचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला लागतो का ते बघून, वयात बसेल अशी एक जून टाकून मोकळे होत. कोणाचे वाकडे झाले नाही. किंबहुना त्या खोट्या तारखेने पिढ्यान् पिढ्या शाळेत आल्या. कांट यालाही नाही म्हणाला असता; मी म्हणणार नाही. पण मारेकऱ्यापुढचे खोटे आणि हे खोटे यांना एकाच शब्दाने हाक मारावी लागते, ही भाषेची गरिबी आहे.

आता कॉन्स्टंटकडे परत येतो. त्याचे म्हणणे असे की, खरे सांगण्याचे कर्तव्य आहे ते ज्याला ते जाणण्याचा हक्क आहे त्याच्यापाशी. कांटने हे खोडून काढले, आणि तर्काने पाहिले तर त्याचे खोडणे ठाकठीक आहे. सत्यावर कोणाची मालकी नसते. पण मला येथे १९१७ सालची बडोद्याची गोष्ट आठवते. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना कोणी जागा देईना. एका पारशी उतारशाळेत, तेथल्या रखवालदाराच्या संमतीने, नोंदवहीत पारशी नाव लिहून ते राहिले. दिवसाचे भाडे दीड रुपया. अकराव्या दिवशी सकाळी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि तू कोण म्हणून विचारू लागले. संध्याकाळच्या आत जागा सोडावी लागली. त्यांनी स्वत:च हे सारे लिहून ठेवले आहे, आणि नावाची बाब झाकलेली नाही.

या नोंदवहीपुढे आपल्या सगळ्या परंपरा उभ्या करून पाहाव्यात. कांटच्या दृष्टीने सर्वांत गंभीर खोटे ते हेच; लेखी, सहीनिशी, व्यवहारातले. मनूचा अपवाद येथे लागू पडत नाही, कारण कोणाचा वध होणार नव्हता. नुसता एक माणूस रात्री उघड्यावर राहिला असता. फर्मसची वाट घ्यावी तर 'सांगणार नाही' म्हणणाऱ्याला उतारशाळेत खोली मिळत नाही. मग उरतो कॉन्स्टंट: विचारणाऱ्याला विचारण्याचा हक्क होता काय? आपल्याच छांदोग्य उपनिषदात सत्यकामाची कथा आहे. गुरूने गोत्र विचारले. बाप कोण हे आईलाही सांगता आले नव्हते, तेच त्याने सांगितले. आणि असे खरे ब्राह्मणच बोलू शकतो म्हणून गुरूने त्याला घेतले. आपण ही कथा सत्याचा विजय म्हणून वर्गात शिकवितो. पण गुरूने गोत्र विचारलेच का, आणि खरे बोलल्याचे बक्षीस म्हणून त्याला ब्राह्मणच का ठरवावे लागले, असे कोणी विचारत नाही. उलट कर्णाने परशुरामाला आपण ब्राह्मण असल्याचे खोटे सांगून विद्या मिळविली आणि शाप घेतला. खरे बोललेला वर गेला, खोटे बोललेला मेला. प्रश्न विचारणारा दोन्ही वेळा आपल्या जागी सुखरूप. आजही शहरात खोली पाहायला गेलेल्या मुलाला घरमालक आधी आडनाव विचारतो. त्या प्रश्नाला कोणत्या परंपरेने काय उत्तर द्यावे ते सांगावे, मग मी तिचे मोठेपण मान्य करीन.

हे सगळे पुस्तकी वाटू नये म्हणून जवळची एक हकीकत सांगतो. नावे आणि ठिकाण गाळतो. ते का हे वाचकांना कळेलच. एका शाळेतली माजी विद्यार्थिनी, कायद्याने सज्ञान. तिने जातीबाहेर लग्न केले होते. पुढे नोकरीसाठी तिला शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. ती येऊन अर्ज देऊन गेली. अर्जावर नवा पत्ता होता. चार दिवसांनी दोघे जण आले. बोलणे अगदी अदबीचे. पोरगी दाखल्याला आली होती का, पत्ता ठेवून गेली का, आई आजारी आहे, कळवायचे आहे. कचेरीत आम्ही तिघे होतो. मी आणि लिपिक एकमेकांकडे पाहतो तोवर दारातले शिपाईमामा म्हणाले, "नाही बुवा. इकडं तर ती फिरकलीच नाही. आली असती तर मला दिसली नसती का?" ते दोघे चहा न घेता गेले.

शिपाईमामा माळकरी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघते आणि सिन्नरवरून पुढे जाते, तिच्याबरोबर दरवर्षी जाणारे. त्या दिवशी दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. लिपिकाने विचारले, "मामा, आज एकादशी कुठाय?" ते म्हणाले, "एकादशी नाही. पण गळ्यात माळ आहे ना." पुढे काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही. मनुस्मृती त्यांनी वाचलेली नव्हती, आणि वाचली असती तर तिच्यात आपल्याविषयी काय लिहिले आहे ते पाहून त्यांनी ती पुन्हा हातात धरली नसती. तरीही सरस्वतीचा चरू त्यांनी आपल्यापुरता टाकला होता. त्यांच्या खोट्याविषयी त्यांना काडीचा पश्चात्ताप नव्हता, हे मला पक्के ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तेच दोघे फाटकाशी दिसले तेव्हा मामांनी पुन्हा तेच सांगितले, आणि अधिक ठणकावून.

अशा वेळी कांटला काय म्हणावे? त्याची शंका मी मनात घोळवून पाहिली आहे. ती मुलगी त्याच वेळी बसस्थानकावर आली असती आणि 'इकडे फिरकली नाही' म्हणून ते दोघे तिकडे वळले असते तर? तर्काने हे शक्य आहे. पण मामांच्या जागी उभ्या असलेल्या माणसाला जे दिसत होते ते एवढेच, की दोन माणसे पत्ता मागत आहेत आणि पत्ता टेबलाच्या खणात आहे. माणसाला आपल्या नजरेच्या टप्प्यातले उत्तर द्यावे लागते. टप्प्याबाहेरच्याचे देणे लागतो असे म्हटले तर खरे बोलणाराही सुटत नाही, कारण त्याच्या खऱ्यानेही कोठे काय होईल हे त्याला माहीत नसते. कांटने परिणामांना दारातून बाहेर घालविले आणि खोटे बोलणाऱ्याला घाबरविण्यासाठी खिडकीतून परत घेतले, असे मला वाटते.

फर्मसविषयी माझा आदर मात्र वाढतच जातो, आणि त्याबरोबर एक शंकाही. 'खोटे बोलणार नाही, दाखवूनही देणार नाही' असे म्हणायला तो बिशप होता. त्याच्या शब्दामागे पद होते. त्याचे हाल केले तरी अखेर त्याला बादशहापर्यंत पोचता आले. शाळेचा शिपाई 'सांगणार नाही' म्हणाला असता तर त्याचा अर्थ 'ती येऊन गेली' एवढाच निघाला असता. कोणती वाट मोकळी आहे हे तुम्ही कोठे उभे आहात यावर अवलंबून असते. तपस्वी, बिशप, प्राध्यापक यांनी लिहिलेल्या नीतिशास्त्रात दारात उभ्या असलेल्या शिपायाची वाट सहसा आखलेली नसते. ती कृष्णाच्या त्या जास्तीच्या एका पावलात थोडीशी सापडते, हे कबूल करायला हवे.

कौशिकाची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. मुले बहुतेक कौशिकाला नावे ठेवतात. एखाददुसरा त्याची बाजू घेतो, आणि वाद रंगतो. गेल्या वर्षी कांटचीही गोष्ट सांगितली. तास संपत आला तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, झाडीत लपलेल्या माणसांची नावं काय होती?"

महाभारतात ती नाहीत. कांटच्या निबंधातल्या मित्रालाही नाव नाही, आणि फर्मसने ज्याच्यासाठी हाल सोसले त्याचेही ऑगस्टीनने दिलेले नाही. मी तिला तसे सांगितले.